जुन्या पेठेतलं घर बिल्डरला देण्याआधी : खान्देशातल्या घरमालकांसाठी

जळगावच्या जुन्या भागात आमचं घर होतं. पुढे सागवानी खांबांची ओसरी, मागे धाब्याच्या दोन खोल्या, मध्ये कधीचा आटलेला आड. गल्लीतलं पहिलं घर पाडून तिथे चार मजले उभे राहिले तेव्हा आम्ही कौतुकाने वर बघत होतो. दुसरं पडलं तेव्हा आमच्या सामाईक भिंतीला तडा गेला. तिसऱ्यानंतर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ओट्यावर येऊन बसायला लागलं. "भाऊ, आता तुमचंच राहिलं. किती दिवस धाब्यावर माती टाकत बसणार?"

शेवटी आम्ही घर दिलं. ओट्यावरच्या पहिल्या चहापासून नव्या फ्लॅटची किल्ली हातात येईपर्यंत पाच वर्षं गेली. त्यातली अडीच निव्वळ कागदात गेली, कारण आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी बिल्डर ठरवला आणि मग कागद शोधायला निघालो. तुम्ही आधी कागद जमवा, बिल्डरचं नंतर बघा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो आहे. जळगाव असो, धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्या असोत, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव की नंदुरबार, थोड्याफार फरकाने वाट हीच आहे.

१. पहिले सहा महिने कशावरही सही नाही

बिल्डर किंवा त्याचा दलाल पहिल्या-दुसऱ्या भेटीतच पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एक छोटा मजकूर घेऊन येतो. त्याला तो "समजुतीचा कागद", "एमओयू" किंवा "नुसती विसार पावती" म्हणतो. सोबत लाख-पन्नास हजारांचा चेक असतो. आमच्या चुलतभावाने असा कागद नोटरीसमोर करून दिला. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं की मालक दुसऱ्या कुणाशीही बोलणी करणार नाहीत आणि मुदत बिल्डरच्या सोयीने वाढेल. त्या एका ओळीने आम्हाला चौदा महिने अडकवलं. वकिलाची नोटीस, त्याला उत्तर, मग पैसे परत, मग रद्दपत्र.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे खरं. पण नोंदणी नसलेल्या कागदाचाही दाव्यात वापर होतो. शिवाय घेतलेला पैसा बँकेच्या खात्यात दिसतोच. म्हणून घरात सगळ्यांना बसवून सांगा की कुणीही, अगदी दहा हजारांचंही टोकन घ्यायचं नाही. आणि मूळ कागद बघायलासुद्धा द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. तिच्यावर आडवं लिहून टाका : "फक्त माहितीसाठी".

२. घर कागदावर कुणाचं आहे ते बघा

घरपट्टीची पावती वडिलांच्या नावाने येते म्हणून घर वडिलांचं, असं आपण धरून चालतो. घरपट्टी ही कराची पावती आहे, मालकीचा पुरावा नाही. जुन्या पेठांमध्ये पाहायचा कागद म्हणजे सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, आपण जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची प्रत मिळते. सिटी सर्व्हे नंबर माहीत नसेल तर नगर भूमापन कार्यालयात जाऊन शेजाऱ्याच्या नंबरावरून काढता येतो.

पत्रिकेत चार गोष्टी बघा.

धारकाचं नाव. आमच्या पत्रिकेवर आजोबांचं नाव होतं. ते १९७८ साली गेले. म्हणजे दोन पिढ्यांचे वारस लागलेच नव्हते.

क्षेत्र. घरात सगळे म्हणायचे, "आपली जागा सव्वीसशे फूट आहे." पत्रिकेवर चौरस मीटर असतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार केला तर २४१० फूट भरले.

सत्ता प्रकार. भाडेपट्टा, शासकीय किंवा भोगवटादार वर्ग २ असं काही असेल तर सरकारी परवानगी आणि नजराण्याचा विषय येतो. तो आधी सोडवा. अशा जागेवर करार झाल्यावर हे निघालं तर बिल्डर तेच कारण सांगून तुमचा हिस्सा कापतो.

इतर हक्क. जुना गहाणाचा बोजा, पतपेढीचं कर्ज, न्यायालयाची नोंद. खान्देशात पतपेढ्यांची कर्जं पुष्कळ घरांवर चढली होती. कर्ज फिटलं पण बोजा उतरवायचं राहिलं, असं घराघरात सापडेल. कर्ज फिटल्याचा दाखला आणून बोजा उतरवून घ्या.

त्यानंतर सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी घरातलं एक शहाणं माणूस आणि शेजारी दोघंही हजर हवेत. आमच्याकडे भूकरमापक आले, खुणा केल्या, तेव्हा कळलं की ज्या भिंतीवर आम्ही पन्नास वर्षं दिवाळीचे दिवे लावले ती पूर्वेची भिंत दीड फूट शेजाऱ्याच्या हद्दीत आहे. शेजारचे काका आणि मी कितीतरी वेळ त्या खुणेकडे नुसते बघत उभे राहिलो. त्यांच्याशी आमचे संबंध चांगले होते म्हणून ते प्रकरण चहावर मिटलं, आणि मिटलेलं आम्ही लेखी करून ठेवलं. बांधकाम सुरू झाल्यावर हे निघालं असतं तर काम थांबलं असतं. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती आल्याशिवाय क्षेत्राचा आकडा कुणालाही सांगू नका.

३. वारस : आखाजीची सही आणि आत्याचा हक्क

सगळ्यात जास्त घरं इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूळ मालक गेला की त्याचे सगळे वारस मालक होतात. पत्रिकेवर नाव लागलेलं असो वा नसो. आजोबांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील, तर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. "लग्नात दिलं-घेतलं, आता तिचं काय?" या वाक्याला कायद्यात जागा नाही.

आपल्याकडे एक वाईट रीत पडली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात. झोका, पुरणपोळी, सांजोऱ्या सगळं होतं, आणि परतीच्या गाडीआधी भाऊ म्हणतो, "ताई, जाता जाता एक सही करून जा." तो कागद हक्कसोडपत्र असतो. बहीण वाचत नाही, कारण वाचणं म्हणजे भावावर अविश्वास. पुढे इमारत उभी राहते, भाचे मोठे होतात, आणि त्याच सहीवरून दिवाणी दावा लागतो. दावा लागला की बँक कर्ज देत नाही, फ्लॅट विकले जात नाहीत, आणि अर्धवट सांगाडा पावसात उभा राहतो.

आमच्या आत्या सुरतला असतात. त्यांना आधी फोनवर विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मना बापनं घर शे ते." मागायचं म्हणून नव्हत्या म्हणाल्या. कुणी विचारलंच नाही म्हणून म्हणाल्या. मी सुरतला गेलो. मिळकत पत्रिका, नकाशा, बिल्डरचा प्रस्ताव, सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांना रोख रक्कम हवी होती, फ्लॅट नको होता. तसं लिहून, रक्कम बँकेतून देऊन, दुय्यम निबंधकासमोर नोंदणी केली. हक्कसोडपत्र हे नोंदणीकृतच लागतं. साध्या कागदावरचं "माझी हरकत नाही" चालत नाही.

तर असं करा. वंशावळ काढा, तिच्यात लेकी आधी लिहा. प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला गोळा करा. वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पत्रिकेवर सगळ्यांची नावं लागेपर्यंत थांबा. मग सगळे एकत्र बसा. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद तसेही जमतात, तो दिवस चांगला. कोणाला फ्लॅट, कोणाला दुकान, कोणाला रोख, हे घरातल्या घरात ठरवून त्याचा नोंदणीकृत लेख करा. बिल्डरसमोर भावाभावांनी भांडू नये. तो त्याच वेळी एकेकाशी वेगळं बोलायला लागतो.

आणखी एक. करार झाल्यावर दुसऱ्या वर्षी आमचे काका गेले. पुन्हा वारस, पुन्हा नोंद, चार महिने. म्हणून प्रत्येक ज्येष्ठाने याच काळात मृत्युपत्र करून ठेवावं. विषय काढायला अवघड जातो, पण काढा.

४. भाडेकरू असतील तर

पुढच्या खोलीत टेलर, कोपऱ्यावर किराणा, महिन्याला शंभर-दोनशे रुपये भाडं. जुन्या घरांत हे असतंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ अशा भाडेकरूंना संरक्षण देतो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांना बाहेर काढता येत नाही. "आम्ही बघून घेतो त्यांचं" असं बिल्डर म्हणाला तर सावध व्हा. तो कसं बघून घेतो याची जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येते. भाडेकरूला नव्या इमारतीत किती जागा, मालकीने की भाड्याने, आणि ती बिल्डरच्या हिश्श्यातून की तुमच्या, हे त्रिपक्षीय करारात लिहा. आमच्या टेलरकाकांना दुकान मिळालं ते बिल्डरच्या हिश्श्यातून. तसं लिहिलं नसतं तर ते आमच्यातून गेलं असतं.

५. "धोकादायक" नोटीस आली म्हणजे घर गेलं नाही

महापालिका हद्दीत महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली पडाऊ इमारतीची नोटीस येते. भुसावळ, अमळनेरसारख्या नगरपरिषदांना त्यांच्या कायद्यात तसेच अधिकार आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर या नोटिसा निघतात, आणि त्या आल्या की दलाल दुसऱ्या दिवशी दारात येतो.

नोटिशीने मालकी जात नाही, भाडेकरूचा हक्कही जात नाही. दुरुस्त करा, रिकामं करा किंवा पाडा, एवढंच ती सांगते. लेखी उत्तर मुदतीत द्या आणि संरचनेची तपासणी करून घ्या. बांधकाम पूर्ण होऊन ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करणं तसंही कायद्याने बंधनकारक आहे. अभियंता तुम्ही नेमा, बिल्डरने पाठवलेला नको. अहवालात "दुरुस्तीयोग्य" आलं तर घाई संपली. "तात्काळ रिकामं करा" आलं तर मात्र भावना बाजूला ठेवा आणि माणसं हलवा. धाब्याचं ओलं छप्पर वाट बघत नाही. रिकामं करण्याआधी प्रत्येक खोलीचं माप आणि फोटो पंचांसमोर करून ठेवा. कुणाच्या ताब्यात काय होतं याचा तोच पुरावा राहतो.

६. तुमच्या गल्लीत नेमकं किती बांधता येतं?

बिल्डर पाच मजल्यांचं चित्र दाखवतो. चित्र खरं की खोटं हे गल्लीची रुंदी ठरवते.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो चटई क्षेत्र निर्देशांक, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बदलतो. दाट वस्तीचा जुना भाग आणि बाहेरच्या कॉलन्या यांचे नियमही वेगळे. बाहेर मूळ एफएसआय १.१ असतो, जुन्या भागाचं कोष्टक वेगळं आहे. म्हणून नगररचना विभागातून आधी दोन कागद काढा : झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. त्यावर तुमच्या घरापुढे रस्तारुंदीची रेषा आहे का ते दिसतं. ती असेल तर पुढचे काही फूट रस्त्यात जातात. त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपात मिळू शकतो. तो कुणाचा, हे करारात लिहिलं नाही तर बिल्डरचा होतो. आमच्याकडे पाच फूट रस्त्यात गेले आणि त्याबद्दलचा एफएसआय पहिल्या मसुद्यात चक्क "विकासकाचा" होता.

आता सगळ्यात मोठा सापळा. याच नियमावलीत मूळ एफएसआयवर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय प्रीमियम भरून मिळतो. समजा मूळ हिशेबाने ३०० चौरस मीटर बांधकाम होतं आणि तुमचा हिस्सा ४५ टक्के ठरला, तर तुम्हाला १३५ मीटर. पण प्रत्यक्षात बांधलं जाऊ शकतं ४८०. त्याचे ४५ टक्के २१६ होतात. फरक ८१ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ८७२ फूट. यातला बराच भाग जिने, लिफ्ट, बाल्कनी, भिंतींत जातो हे मान्य. अर्धा गेला तरी सव्वाचारशे फूट उरतात. त्यामुळे हिस्सा कधीही "मूळ एफएसआयच्या" टक्क्यात ठरवू नका. "अंतिम मंजूर नकाशातल्या एकूण कार्पेटच्या" टक्क्यात ठरवा (कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा), आणि नंतर कोणताही जादा एफएसआय मिळाला तर तोही त्याच प्रमाणात.

हे गणित समजून घ्यायला स्वतःचा वास्तुविशारद नेमा. फी द्यावी लागते. आम्हाला ती जड वाटली होती. पण या अख्ख्या प्रवासात सगळ्यात चांगला खर्च झाला तो हाच, असं मी आज सांगेन.

७. बिल्डरची पारख

त्याने आधी पूर्ण केलेल्या दोन इमारती बघा. मॉडेल फ्लॅट बघून काही कळत नाही. तिथल्या मूळ जमीनमालकाच्या घरी जाऊन बसा. भाडं वेळेवर आलं का, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायचा पालिकेचा परवाना, मिळालं का, गच्ची गळते का, एवढं विचारा. चालू कामावर भर उन्हाळ्यात जा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या दिवसांत स्लॅबवर पाणी साचवून ठेवलं आहे का, कॉलमवर ओली पोती गुंडाळलेली आहेत का ते बघा. उन्हात सुकलेलं काँक्रीट पुढे बोलतंच.

महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, एक गृहीत आधी मोडून टाकतो. "रेरा आहे ना, काळजी काय?" असं आपण म्हणतो. पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. आपल्या पेठांमधले बहुतेक प्लॉट याच मापातले. म्हणजे ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधन, तिमाही माहिती, ऑनलाइन तक्रार, यातलं काहीही तुमच्या पाठीशी असेलच असं नाही. तुमचा करार हेच तुमचं संरक्षण. आणि प्रकल्प नोंदणीत बसत असेल तर तुमच्या हिश्श्याचे फ्लॅट विकताना तुम्हीही सहप्रवर्तक ठरता आणि ग्राहकाला तुम्हीही उत्तर देणं लागता. दोन्ही बाजू माहीत असू द्या.

८. विकसन करारनामा : एकेक ओळ वाचा

करारनामा नोंदणीकृत हवा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी करायची असते. मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या दराने लागतं, म्हणजे रक्कम मोठी असते. ती, नोंदणी फी आणि जीएसटी कोण भरणार हे नावानिशी लिहा. "प्रचलित पद्धतीप्रमाणे" असं लिहिलेलं काही ठेवू नका.

जागा कार्पेटमध्ये लिहा. "९०० फुटांचा फ्लॅट" हा बोलीतला शब्द आहे. ३५ टक्के लोडिंग, म्हणजे जिने-लिफ्ट वगैरेंची वर चढवलेली जागा, धरलं तर आत चालायला ६६७ फूटच उरतात. मजला, दिशा, फ्लॅट नंबर, पार्किंग नंबर लिहा आणि मंजूर नकाशावर तुमचे फ्लॅट रंगवून दोघांच्या सह्यांनी कराराला जोडा.

मुदत महिन्यांत लिहा, आणि ती कधीपासून मोजायची तेही. "परवानगी मिळाल्यापासून २४ महिने" लिहिलं आणि परवानगीला मुदतच नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. परवानगीसाठी वेगळी मुदत हवी. उशीर झाला तर भाडं चालू राहील आणि वर दंड. ठरावीक काळानंतर करार रद्द करायचा हक्क, आणि रद्द झाल्यावर अर्धवट बांधकाम कुणाचं, हेही लिहून घ्या.

हमी. मोठा बिल्डर बँक गॅरंटी देईल. छोट्या कामात ती मिळत नाही. मग बिल्डरच्या हिश्श्यातले एक-दोन फ्लॅट भोगवटा प्रमाणपत्र येईपर्यंत विकायचे नाहीत असं कलम घाला. आम्ही एक फ्लॅट असा राखून ठेवला होता. शेवटच्या सहा महिन्यांत काम हललं ते त्या फ्लॅटमुळे.

कर्ज. प्रकल्पासाठी बिल्डरला बँकेकडे काही तारण ठेवायचं असेल तर फक्त त्याचा हिस्सा. तुमचे फ्लॅट आणि जमीन नाही.

पाणी. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. जमिनीखालच्या टाकीची क्षमता लिटरमध्ये लिहा.

आता मलब्याचं कलम. "जुन्या बांधकामाचा मलबा विकासकाचा राहील" ही ओळ साधी वाटते. आमचे एक ओळखीचे सुतारकाका सही होण्याआधी सहज आले होते. त्यांनी ओसरीच्या खांबावर बोटाच्या पेरांनी टकटक केली, रंध्याने खालच्या बाजूला एक पापुद्रा काढला आणि तो माझ्या नाकाशी धरला. शंभर वर्षांच्या लाकडातून ताज्या सागाचा वास आला. ते म्हणाले, "भाऊ, हे आठ खांब, या तुळया आणि चौकटी म्हणजे मलबा नाही. याची यादी कर." आम्ही यादी केली. खांब आठ, तुळया अकरा, नक्षीची चौकट एक, साध्या सहा, कडीपाट वेगळा. सगळं आमच्या नावावर लिहून घेतलं. त्यातल्या दोन खांबांचा देव्हारा झाला, बाकी विकून वर्षभराचं भाडं निघालं.

कराचं थोडक्यात. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून असा नोंदणीकृत करार केला तर भांडवली नफ्याचा कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षात लागतो. रोख रकमेवर बिल्डर १० टक्के टीडीएस कापतो. दाखल्याआधीच आपला हिस्सा विकून टाकला तर ही सवलत जाते. सीएला करार होण्याआधी भेटा.

९. कुलमुखत्यारपत्र म्हणजे घराची किल्ली

करारासोबतच हे समोर येतं आणि दमलेला माणूस न वाचता सही करतो. करार कितीही चांगला असू द्या, मुखत्यारपत्रात "सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे" असे सरसकट अधिकार असतील तर करार कागदावर राहतो. त्याचे दोन भाग करा. पहिलं फक्त नकाशे, परवानग्या, वीज-पाणी जोडण्या यांच्यासाठी. दुसरं, बिल्डरच्या हिश्श्याचे फ्लॅट नंबरासह विकण्यासाठी, आणि तेही बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आल्यावर. दुसऱ्याला अधिकार सोपवण्याची मुभा देऊ नका.

१०. घर रिकामं करताना

प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय घर सोडू नका. नुसत्या "फाइल टाकली आहे" वर आमच्या गल्लीतलं एक कुटुंब बाहेर पडलं आणि रिकाम्या खड्ड्याकडे बघत तीन वर्षं भाड्याने राहिलं. भाड्याचे पुढच्या तारखांचे किमान अकरा-बारा चेक आणि अनामत आधी घ्या. पाडायच्या आधी दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांच्या भिंतींचे फोटो काढा आणि नुकसानभरपाई बिल्डरवर टाका. आड असेल तर तो कसा बुजवणार हे अभियंत्याला विचारा. नुसता राडारोडा लोटून वर कॉलम उभा करणं धोक्याचं आहे.

तुम्ही सोसायटीत किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर

रिंग रोड, महाबळ, देवपूर अशा भागांतल्या जुन्या इमारतींनाही आता विचारणा होते. तिथे वरचं बरंचसं लागू आहे, पण निर्णयाची पद्धत वेगळी. गृहनिर्माण संस्थेसाठी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बघा. विशेष सर्वसाधारण सभेला दोनतृतीयांश सभासदांची हजेरी, सभेचं चित्रीकरण, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती आणि प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी असं त्यात आहे. अध्यक्ष-सचिवांनी परस्पर बिल्डर ठरवला असेल तर लेखी हरकत घ्या. त्याआधी जमीन संस्थेच्या नावावर आहे का ते तपासा. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज करावा लागतो. आणि तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून नोंदली असेल, तर ती सोसायटी नव्हे. तुमचे नियम त्या घोषणापत्रात आहेत, ते काढून वाचा.

फाइलमध्ये काय काय हवं

- मिळकत पत्रिका, चौकशी नोंदवहीचा उतारा, सिटी सर्व्हे नकाशा
- मोजणीची 'क' प्रत
- मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा)
- तीस वर्षांचा शोध अहवाल, तुमच्या वकिलाने काढलेला
- वंशावळ, मृत्यू दाखले, वारस नोंद, हक्कसोडपत्रं
- घरपट्टी, पाणीपट्टी, वीज बिल, थकबाकी नसल्याचे दाखले
- भाडेकरूंच्या पावत्या आणि करार
- झोन दाखला, भाग नकाशा, जुनी बांधकाम परवानगी असेल तर ती
- संरचना तपासणीचा अहवाल
- बोजा उतरवल्याची पत्रं

सगळ्याच्या तीन प्रती करा. एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा लॉकरमध्ये. स्कॅन करून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

११. ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. "राहायला या, प्रमाणपत्र महिन्याभरात येईल" असं गोड बोलून बोलावतात. भाडं बंद व्हावं म्हणून ती घाई असते. टेप घेऊन प्रत्येक खोली आतून मोजा, मंजूर नकाशाशी ताडून बघा. नळ, उतार, बाथरूमचं पाणी मुरतं का, खिडक्यांच्या फटी, सगळ्यांची यादी करून बिल्डरची सही घ्या. आमच्याकडे दक्षिणेकडची बेडरूम नकाशापेक्षा सात इंच अरुंद निघाली. भिंत जाड झाली, असं त्याचं उत्तर होतं. टेप हातात होता म्हणून त्याची भरपाई मिळाली.

ताबा मिळाल्यावरही तीन कामं उरतात. घरपट्टी प्रत्येक फ्लॅटला वेगळी लावून घ्या. वीजजोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि सगळ्या फ्लॅटधारकांची संस्था किंवा अपार्टमेंटची नोंदणी झाली की नाही याचा पाठपुरावा करा, कारण ती झाल्याशिवाय जमिनीचे कागद बिल्डर आणि तुमच्यामध्ये लटकत राहतात. आमची नोंदणी ताबा मिळाल्यानंतर सात महिन्यांनी झाली. सुरतहून आत्या त्यानंतर आल्या, तेव्हा त्यांना गच्चीवर नेलं आणि ज्या कोपऱ्याखाली आड होता तो दाखवला.